सीमाभागातल्या शाळेत रुजू होताना

नोकरीच्या पहिल्याच वर्षी दुसरीतल्या एका पोराला मी सांगितलं, "उद्या आईला घेऊन ये." दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली आणि तो सत्तरीच्या एका म्हातारीला हाताला धरून वर्गाच्या दारात उभा. भांगलण अर्धवट टाकून आली होती बिचारी, पदराला माती तशीच. मी म्हटलं, "अरे, आजीला नाही, आईला." त्यानं म्हातारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हीच आई." आदल्याच आठवड्यात मी त्याच्या नावापुढं 'लक्ष देत नाही' असा शेरा मारून ठेवला होता.

त्याच्या घरी कानडी. इकडच्या कानडीत आजीला 'आयी' म्हणतात आणि आईला 'अव्वा'. मी जिला बोलावलं तिलाच तो घेऊन आला होता. तो शेरा मी खोडला, पण वहीत तो खोडलेला दिसायचाच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी शाळेत नव्यानं येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. कुणी अतिथी शिक्षक म्हणून येतं, कुणी अनुदानित हायस्कुलात लागतं, कुणी चंदगड-गडहिंग्लजकडून लग्न होऊन येतं आणि जवळच्या खाजगी शाळेत अर्ज टाकतं. मी तिसऱ्या प्रकारातली. मराठी आपली, पोरं मराठी, मग नवीन काय शिकायचंय, अशा थाटात आले होते. बालभारतीची पुस्तकंसुद्धा पिशवीत घालून आणली होती! इथं कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक संघाची पुस्तकं चालतात, मराठी माध्यमातही. इतिहासात कदंब, राष्ट्रकूट, विजयनगर येतात. ती पुस्तकं रुजू व्हायच्या आधीच मिळवून वाचा.

पहिला आठवडा: भाषेची वही

दाखल्याच्या रजिस्टरात मातृभाषेचा रकाना असतो. त्यावर थांबू नका. तो बहुतेक वेळा शाळेच्या माध्यमावरून भरलेला असतो.

एक साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला अर्धं पान. त्यात चार गोष्टी लिहायच्या: आईशी कुठल्या भाषेत बोलतो, भावंडांशी कुठल्या, गल्लीत खेळताना कुठल्या, आणि देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये कुठली भाषा कानावर पडते. चारही उत्तरं एकच आली तर समजा मूल खानापूरच्या पश्चिमेचं आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पोरांना कानडी पहिल्यांदा भेटते ती शाळेच्या पुस्तकात, नाहीतर बसच्या पाटीवर. अथणी-रायबागकडं उलटं असतं. घरात मराठी, गल्लीत कानडी, आणि पोराला आपण भाषा कधी बदलली तेही कळत नाही. बेळगाव शहरात वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांत एकाच वाड्यात दोन्ही चालतात. मुसलमान घरातलं मूल दखनी बोलतं आणि महिन्याभरात मराठी उचलतं, पण 'मी' आणि 'हम' यांत अडखळतं.

विचारायचं कसं, हे महत्त्वाचं. "तुझी मातृभाषा कुठली?" असं विचारू नका. या भागात तो प्रश्न भाषेपुरता राहत नाही. घरी गेल्यावर पोरगं सांगणार, "बाईंनी आपण मराठी का कानडी ते विचारलं," आणि दुसऱ्या दिवशी बाप शाळेच्या फाटकाशी. मी विचारते, "आज्जी ओरडती तेव्हा कुठल्या भाषेत ओरडती?" सगळा वर्ग हसतो, एकमेकांच्या आज्ज्यांच्या नकला करतो, आणि दहा मिनिटांत माझी अर्धी वही भरते.

बोली: आधी नुसतं ऐका

बेळगावची मराठी पुण्याच्या कानाला वेगळी लागते. माझ्या वर्गातली एक मुलगी डबा उघडून बसली होती. मी हाक मारली तर म्हणाली, "बाई, मी जेऊलालो." मी लगेच सुधारलं, "जेऊलालो नाही, मी जेवतेय." तिनं मान डोलावली. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी हो-नाहीपलीकडं बोलली नाही.

त्या एका वाक्यात इकडच्या बोलीची दोन वळणं आहेत. चालू काळ 'करूलालो, जाऊलालो' असा होतो. आणि बायका-मुली स्वतःबद्दल 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. कोल्हापूरकडंही हे आहे, माझ्या माहेरी आज्जी असंच बोलायची. तरी मी त्या पोरीला सुधारायला गेले, कारण डीएडला जाऊन मी आज्जीची भाषा सोडली होती.

आता मी फळ्याला मध्ये उभी रेघ मारते. डावीकडं 'घरात', उजवीकडं 'पेपरात'. पोरं डावीकडची वाक्यं सांगतात, उजवीकडची आम्ही मिळून तयार करतो. 'मी जेऊलालो' खोडायचं नाही, त्याच्या शेजारी 'मी जेवत आहे' लिहायचं. दहावीच्या पेपरात उजवा रकानाच लागणार, तो नीट यायलाच पाहिजे, त्यात हयगय नको. पण तोंडी प्रश्नाचं उत्तर डाव्या रकान्यातलं आलं तरी पूर्ण गुण द्या. चौथीपर्यंत तर नक्कीच.

कानडी घरातल्या पोराची चूक वेगळी असते आणि ती ओळखता आली पाहिजे. कानडीत माणसांपुरताच पुरुष-स्त्री भेद. वस्तू आणि जनावरं सगळी नपुंसक. त्यामुळं 'गाडी आला', 'माझा पुस्तक', 'तो पेन्सिल' हे होणारच. मराठीत पेन्सिल ती का आणि खडू तो का, याला आपल्याकडंही उत्तर नाही. नियम सांगू नका. जोडी तोंडात बसवा: माझी वही, माझा खडू, माझं दप्तर. दुसरी खूण 'आम्ही' आणि 'आपण'. कानडीत दोन्हींना 'नावु' हा एकच शब्द. म्हणून पोरगं तुम्हाला म्हणतं, "बाई, आम्ही खेळूया?" त्यात तुम्हीही आलात. त्यानं तुम्हाला वगळलेलं नसतं.

दोन महिने: कानडी अक्षरं आणि दगाबाज शब्द

कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. २०१७-१८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं ते लागू झालं. या सक्तीबद्दल मनात काय असायचं ते असो, पण पोराला पेपर द्यायचाय, आणि कार्यालयातून येणारी सुत्तोले, म्हणजे परिपत्रकं, कानडीतच येतात. अक्षरं आलीच पाहिजेत.

अवघड नाही. वर्णमालेचा क्रम आपलाच, ळसुद्धा आहे. मी शिकले सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, बसची वाट बघता बघता. बसच्या पाटीवर 'खानापूर' लिहिलंय हे आधीच माहीत असतं, मग ख कसा, न कसा, प कसा हे डोळ्यांत बसत जातं. वीसेक गावांच्या पाट्या वाचल्या की निम्मी लिपी झाली. परिपत्रकातले शब्दही ओळखीचेच निघतात: दिनांक, सही, अर्जी, रजे, माहिती, हाजराती. फक्त तारीख-मुदत कधीकधी कानडी आकड्यांत असते, तेवढे दहा आकडे पाठ करा. मी ते केलं नव्हतं आणि एक मुदत हुकवली.

एक जागा मात्र ठेच लागण्याची. कानडीत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि त्यांची अक्षरं वेगळी. 'बेळे' ऱ्हस्व म्हटलं तर पीक, लांबवलं तर डाळ. मराठी कानाला हा फरक ऐकूच येत नाही, म्हणून मराठी पोरांचे कानडी शुद्धलेखनाचे गुण इथंच जातात. कानडीच्या सरांना हे सांगा. त्यांना वाटतं पोरं हलगर्जी आहेत.

आणि हे शब्द पाठच करा, कारण यांच्यावरून वर्गात रोज काहीतरी घडतं. कानडीत हत्ती म्हणजे कापूस, आपल्या हत्तीला ते 'आने' म्हणतात. हाल म्हणजे दूध. सकाळी दूध वाटताना कुणी "हाल कुडी" म्हटलं की मराठी पोरं खिदळतात. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मळे म्हणजे पाऊस. भाळ म्हणजे खूप. केळरी म्हणजे ऐका, आणि शाळेत खरोखरची केळी वाटायच्या दिवशी हा घोळ बघण्यासारखा असतो. मी दर शनिवारी अशी एक जोडी फळ्यावर लिहिते आणि दोन्ही भाषांतल्या पोरांना चित्र काढायला लावते. 'हत्ती' या एका शब्दाखाली सोंड आणि कापसाचं बोंड शेजारी शेजारी. पाढ्यांना कानडीत 'मग्गी' आणि बाराखडीला 'कागुणित' म्हणतात, तेही सांगून ठेवा. पालक घरी हेच शब्द वापरतात.

नावं

हे काम कंटाळवाणं आहे आणि यातच पोराचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. एकच नाव मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत लिहिलं जातं आणि तीन नावं होतात. ज्ञानेश्वर घ्या. आपण इंग्रजीत लिहिताना 'डी'नं सुरू करतो, कर्नाटकात 'जे'नं. मामाच्या गावी, कोल्हापूर जिल्ह्यात काढलेल्या आधारवर 'डी', शाळेच्या एसएटीएस पोर्टलवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, 'जे'. दोन नावं जुळत नाहीत, शिष्यवृत्ती अडकते, बाप मजुरी बुडवून हेलपाटे घालतो. पहिलीच्या प्रवेशावेळी आधार समोर ठेवून, पालकाला शेजारी बसवून, एकेक इंग्रजी अक्षर मोठ्यानं वाचून भरा. आठवीत परत तपासा. दहावीचा फॉर्म भरताना चूक सापडली तर फार उशीर झालेला असतो.

नावाचा उच्चारही सांभाळा. मल्लप्पा, बसवराज, सिद्धगौडा ही नावं घेताना शेवट गंमतीनं लांबवायची काही मराठी शिक्षकांना खोड असते. मी स्वतः ऐकलंय. पोरगं हसतं, पण दुसऱ्या दिवशी त्याला सगळा वर्ग तसाच हाक मारतो.

वर्षाचं गणित

महाराष्ट्रातून आलात तर पहिला धक्का सुट्ट्यांचा. इथं मोठी सुट्टी दसऱ्याची. दिवाळीला मोजून काही दिवस. आणि मराठी घरात खरी धामधूम दिवाळीचीच. पोरांनी अंगणात किल्ला बांधलेला असतो, मावळे मांडलेले असतात, ते मोडून कोण येणार? दिवाळीनंतरच्या दोन-तीन दिवसांत नवा धडा काढू नका. किल्ल्याचं मोजमाप काढा, त्याचा नकाशा काढा, गणित आणि परिसर दोन्ही होतात.

बाकीचं कॅलेंडर गावावर ठरतं. पश्चिम खानापुरात आषाढात पाऊस इतका असतो की ओढा भरला की शाळा संपली, आणि रोप लावणीला घरातले सगळे हात लागतात. चिकोडी-अथणीकडं उसाचा हंगाम. निपाणीकडं तंबाखू. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, माघातच चिंचलीची मायाक्का. बैलगाड्या जुंपल्या की निम्मा वर्ग गाडीत. नागपंचमीला कानडी घरातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पोरं मामाकडं. भाद्रपदात जैन घरांतलं पर्युषण, रमजानमध्ये मोठ्या पोरांचे रोजे, त्या महिन्यात दुपारचा खेळाचा तास सकाळी घ्या. मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक काढून कुठल्या तारखांना वर्ग रिकामा होता ते बघा. गावाची जत्रा त्यात छापल्यासारखी दिसते. घटक चाचणी त्या आठवड्यात ठेवू नका.

अंडं आणि केळं

दुपारच्या जेवणासोबत अंडं मिळतं. ज्याला नको त्याला केळं. पहिल्या वर्षी मी सोय म्हणून दोन रांगा केल्या, अंड्याची आणि केळ्याची. दोन दिवसांत ती जातीची रांग झाली. जैन आणि लिंगायत घरांतली पोरं एकीकडं, बाकीची एकीकडं, आणि मधल्या सुट्टीतले खेळाचे गटसुद्धा तसेच पडले. वर एक पोरगं गुपचूप अंड्याच्या रांगेत उभं राहिलं, दुसऱ्यानं ते त्याच्या घरी सांगितलं, आणि त्याचे वडील माझ्यापुढं. ते चिडलेले नव्हते, ओशाळले होते. ते जास्त अवघड.

तेव्हापासून जूनमध्ये पालकांकडून विचारून यादी करायची, ती स्वयंपाकाच्या मावशींकडं द्यायची, आणि पोरं बसतील तिथं ताटात वाढायचं. रांग नाही. आणि कुणाच्या ताटात काय आहे यावर शिक्षकानं विनोद करायचा नाही, शाकाहारी-मांसाहारी असा धडा आला तरी 'वर्गात हात वर करा' म्हणायचं नाही.

एक नोव्हेंबर

हा दिवस येणारच, म्हणून आधीच ठरवून ठेवा. शाळेत राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, लाल-पिवळा झेंडा. त्याच दिवशी शहरातल्या अनेक मराठी घरांत काळा दिन. एकाच मुलाच्या सकाळी दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढं असतात.

पोरं विचारतात, "बाई, बेळगाव कुणाचं?" उत्तर देऊ नका, तारखा द्या. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत मुंबई राज्यातला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये या सीमावादावर महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. नावाचंही तसंच: कागदावर शासनाचं नाव, तोंडात पोराला सवय असेल ते. माझं स्वतःचं मत आहे, ठाम आहे, आणि ते शाळेच्या फाटकाबाहेर आहे. कुणाच्या घरी कुठला झेंडा आहे हे पोरांकडून काढून घेऊ नका. कानडी घरातलं एकच पोरगं वर्गात असेल तर त्या आठवड्यात त्याला मुद्दाम पुढच्या बाकावर, तुमच्या जवळ बसवा. मधल्या सुट्टीत त्याच्या आसपास राहा.

त्या आठवड्यात मी पोरांना दोन माणसं सांगते. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत एका कानडी घरात शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मला. त्याला आपण कुमार गंधर्व म्हणतो. आणि धारवाडच्या एका मराठी बोलणाऱ्या घरात द. रा. बेंद्रे वाढले, ते कानडीतले ज्ञानपीठ मिळालेले कवी. पुढं मी काही बोलत नाही. कुमारांचं एखादं निर्गुणी भजन मोबाईलवर लावते आणि हजेरी घेते.

पालक आणि घरभेट

एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, बैठकीत बायका येतात, मागं बसतात, बोलत नाहीत. त्यातल्या कित्येकींना मराठी समजते, पण चारचौघांत बोलायला जमत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच मोडक्या कानडीत दोन वाक्यं बोलते आणि मुद्दाम चुकते. एकजण तरी पदराआड हसून मला सुधारते, मग बोलणं सुरू होतं. दारात "बर्री, कूडरी" एवढं आलं तरी पुरे. तो शेवटचा 'री' विसरू नका, तो आदराचा आहे, त्याच्याशिवाय तुम्ही म्हाताऱ्या माणसाला 'ये, बस' म्हणता. कानडी बाईला अक्का, म्हाताऱ्याला अज्जा, मराठी घरात मामी-वहिनी, मुसलमान घरात भाभी-चाचा. तुम्हाला कुणी बाई म्हणेल, कुणी टीचर, कुणी अक्कोरू. सगळं चालवून घ्या. खेड्यातलं लहान पोरगं तुम्हाला 'तू' म्हणालं तर ते त्याच्या आईलाही 'तू'च म्हणतं, हे लक्षात ठेवा.

नोटीस दोन्ही लिप्यांत लिहा, आणि शिवाय आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. वाचता येत नाही असं कुणी सांगत नाही.

घरभेटीला धार काढून झाल्यावर, दिवेलागणीच्या आधी जा. जैन घरात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतं, त्या वेळेला जाऊन बसू नका. चपला बाहेर, आणि आत बोलावल्याशिवाय स्वयंपाकघराकडं वळायचं नाही. चहाला नको म्हणायचं नाही, नकोच असेल तर अर्धा कप म्हणा. एका गल्लीत गेलात तर दुसऱ्या गल्लीत त्याच आठवड्यात जा, नाहीतर तुम्ही कुणाच्या आहात हे गाव ठरवून टाकतं.

परत आलं की भाषेच्या वहीत दोन ओळी लिहा. कोण घरी असतं, कुठल्या भाषेत बोललात, पोराला घरात काय म्हणून हाक मारतात. जात लिहू नका, पक्ष लिहू नका, बाप पितो हे लिहू नका. बदली झाली की ती वही पुढच्या बाईंच्या हातात द्यायची आहे, आणि त्या त्याच गावातल्या निघू शकतात.